पाय न टेकवता माहेर

मी पोहायला शिकले तेव्हा मला जावई आलेला होता. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, कशाला? तेव्हाही सगळ्यांनी हेच विचारलं होतं. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, आणि आज सांगायला बसले तर ते सरळ येत नाही. डोळे मिटले की आधी पाण्यातला हिरवट उजेड दिसतो, मग केळीच्या पानांची सळसळ ऐकू येते, आणि त्यानंतर कुठे माणसं दिसायला लागतात.

आमचं गाव सावद्याच्या खालच्या अंगाला, तापीच्या काठावर. मागे निळा सातपुडा, पुढे नदी, आणि मधे सगळी केळीच केळी. माझं माहेर समोरच्या काठावर. लग्न झालं तेव्हा नावेत बसून मी अलीकडे आले, आणि बैलगाडीत नीट बसायच्या आत सासर आलंसुद्धा. आमच्या मळ्याच्या बांधावर उभं राहिलं की माहेरच्या घाटावरचा मोठा निंब दिसायचा. थंडीत हवा स्वच्छ असली तर घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांच्या लुगड्यांचे रंगसुद्धा ओळखता यायचे. इतकं जवळ माहेर असणं हे सुख आहे असं मी पुष्कळ वर्षं समजत होते.

मग थोरलीचं लग्न झालं. तिला धुळ्याला दिली. लग्नात मामाचा मान म्हणून माझ्या भावाला फेटा बांधायचा होता, तो आधी दुसऱ्याच कुणाला तरी बांधला गेला. कुणाची चूक, कशी झाली, हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही. भाऊ भर पंगतीतून उठला, नावेत बसून निघून गेला. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सगळ्या पाहुण्यांसमोर सांगून टाकलं, "आजपासून त्या गावच्या जमिनीवर आमच्या घरातल्या कोनाचा पाय पडनार नई." एका फेट्यासाठी दोन शहाणी माणसं अशी वागली. मला कुणी काही विचारलं नाही, कारण मी पंगतीला वाढत होते.

अक्षय्यतृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. दिवाळी एक वेळ चुकली तरी चालते, पण आखाजीला सासुरवाशीण माहेरी गेलीच पाहिजे. त्यासाठी माहेराहून कुणीतरी न्यायला यावं लागतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आल्याशिवाय आपण होऊन जाणं म्हणजे लाज. माझ्याकडे दर आखाजीला भाऊ स्वतः यायचा, आणि माझे केस पांढरे व्हायला लागले तरी तो येतच होता. त्या लग्नानंतर तो आला नाही. एक आखाजी गेली, दुसरी गेली. मी सांजोऱ्या तळायचे, पुरण वाटायचे, आणि कामाचं निमित्त काढून बांधावर जाऊन नावेकडे बघत उभी राहायचे.

त्याच सुमारास माझं शरीरही माझ्यावर रुसलं. चुलीपुढून उठताना भिंतीला हात लावावा लागे. हंडा डोक्यावर घेतला की धाप लागे. अंगातून मधेच अशी वाफ निघायची की भर थंडीत मी ओसरीवर येऊन पदरानं वारा घ्यायची. यांनी मला जळगावला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगला शिकलेला, बोलायला गोड. त्यानं नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि म्हणाला, "बाई, वयाच्या मानानं तुमचं सगळं ठीक आहे. आता जरा विश्रांती घ्या. तुमचं करून झालंय सगळं."

औषधाची बाटली मांडीवर घेऊन मी परत आले, पण त्याचं ते शेवटचं वाक्य काही घशाखाली उतरेना. करून झालंय म्हणजे काय? मी काय केलं होतं? स्वयंपाक केला, बाळंतपणं केली, केळीची बाग राखली. एवढं सगळं दुसऱ्यांसाठी केलं, आणि आपल्यासाठी एखादी गोष्ट करायची वेळ आली तर डॉक्टर म्हणतो झालं. मला असा राग आला की मी ती बाटली तशीच कोनाड्यात ठेवली, पुन्हा उघडली नाही.

तिसऱ्या आखाजीची गोष्ट. दुपारची वेळ. गावात निंबांना झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गाणी मळ्यापर्यंत ऐकू येत होती. मी विळा आणि टोपली घेऊन मळ्यात आले होते, काम काही नव्हतं. अंगातून वाफ निघाली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. आमच्या विहिरीला एका अंगानं पायऱ्या होत्या. उन्हानं पाय सुजून तोडे रुतत होते, म्हणून ते काढून मी काठावर ठेवले आणि खाली उतरून शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले.

पाण्यावर केळीचा एक खांब तरंगत होता. घड उतरवला की खोड कापून टाकतात, त्यातलंच एक घरंगळून आत पडलं असणार. मी हात लांब करून तो जवळ ओढला आणि सहज त्याच्यावर छाती टेकवली. खांब थोडा खाली गेला आणि थांबला. माझे पाय पायरीवरून आपोआप सुटले.

ते मला नीट सांगता येणार नाही. गुडघे दुखत नव्हते. कंबर दुखत नव्हती. वर आभाळाचा एक गोल तुकडा, आणि त्यात एक घार फिरत होती. गाण्यांचा आवाज विहिरीत वळून फार लांबून आल्यासारखा येत होता. माझं वजन कुणीतरी उचलून घेतलं होतं. आई गेल्यापासून असं मला कुणी उचललं नव्हतं. मी तिथे किती वेळ होते कोण जाणे, बहुधा माझा डोळाही लागला असावा.

डोळा उघडला तो वर माणसंच माणसं. शेजारच्या मळ्यातली बाई पाण्याला आली होती, तिनं काठावर तोडे काढून ठेवलेले पाहिले. बाईनं दागिने विहिरीच्या काठावर ठेवले की आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. त्यात आखाजीचा दिवस, आणि जिच्या माहेरचा मुऱ्हाळी येत नाही अशी मी. तिनं ठो ठो बोंब मारली, झोके सोडून सगळं गाव धावलं. दोर आले, घागरी काढायचा गळ आला. हे टोपीशिवाय, अनवाणी धावत आले आणि काठावर पालथे पडून ओरडले, "अवं! ए! अवं!" माझं नाव त्यांनी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही.

मी खालून म्हटलं, "काय झालं?"

मग हे म्हणाले, "वर ये."

"पानी थंडगार हाये."

"वर ये म्हनतो नं मी!"

मी वर आले. माझी नणंद, यांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन आमच्याकडेच राहायची. घरात आणि गावात सगळे तिला अक्का म्हणत. तिनं मला पाहिलं, माझ्या हातातून सुटलेल्या त्या खांबाकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. बाकी कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर हे ओसरीवर बसले. मग हळूच म्हणाले, "इतकं वाईट वाटलं तुले?"

"मी मरायले नव्हती गेली. मले गरम व्हत व्हतं."

त्यांचा विश्वास बसला नाही. मी जाईन तिथे त्यांनी अक्काला माझ्यामागे लावलं. परसात गेले तरी अक्का, गोठ्यात गेले तरी अक्का. चार दिवस सहन केलं आणि मग म्हटलं, "मले पवाले शिकायचं हाये."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मी वेडी झाले की अजून मरायच्याच विचारात आहे, हे ते ताडत असावेत. शेवटी म्हणाले, "विहिरीत नको. त्या पान्यातून लोक घागरी भरतात. नदी हाये नं." एवढं बोलून ते बैलांना पाणी पाजायला निघून गेले. त्यांचं मन मोठं होतं, फक्त त्यांना ते दाखवायला लाज वाटायची.

नदीवर तेव्हा वर कुठे धरण नव्हतं. उन्हाळ्यात तापी आखडायची. गावाच्या वरच्या बाजूला उतार होता, तिथून गुडघाभर पाण्यातून माणसं चालत पलीकडे जात. पण आमच्या घाटासमोर डोह होता, बारा महिने खोल, काळसर हिरवा. नाव तिथूनच सुटायची. मी पहाटे उजाडता उजाडता जायची. यांचा एक जुना सदरा आणि अर्धं फाडलेलं लुगडं काष्टा मारून नेसलेलं, असा माझा थाट. एका हातात केळीचा खांब. मागून अक्का, कापूस आणि वाती वळायची थाळी घेऊन.

"मी बुडली त काय करशीन?" मी विचारलं.

"बोंबलीन," अक्का म्हणाली. "दुसरं काय येतं मले?"

शिकवायला कुणी नव्हतं. गावातल्या पोहणाऱ्या पुरुषांना विचारायची सोय नव्हती. आमची म्हैस मात्र रोज डोहात उतरायची, तिची शेपटी धरून मी तिच्यामागे जायची. ती नाक वर ठेवून, काही घाई न करता, पाय मारत राहायची. मी तसंच केलं. बायकांना हे कळायला वेळ लागला नाही, आणि गावात माझं नाव "तापीतली म्हैस" पडलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंडावर हसले आणि घरी येऊन रडले. नंतर वाटलं, खोटं काय आहे त्यात? म्हैस बुडत नाही.

त्या सकाळी आता एकात एक मिसळून गेल्या आहेत. पाण्यावर धूर धरलेला. त्यातून एखादा बगळा उडायचा आणि पुन्हा धुरातच उतरायचा. वाळूत टरबुजाच्या वाड्या, त्यांची पानं दवानं ओली. मी खांबावर हात ठेवून तरंगत असायची आणि कधी कधी मला कळायचंच नाही की मी जागी आहे का अंथरुणात. झोपेतही मी पोहायची. एकदा स्वप्नात आमच्या स्वयंपाकघरात पाणी भरलं होतं आणि मी चुलीवरून, मडक्यांच्या उतरंडीवरून पोहत गेले, दारातून बाहेर, अंगणातून पुढे. सकाळी अक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "भांडे तरी घासून ठेवायचे जाता जाता."

एक दिवस खांब हातातून निसटून वाहत गेला आणि मी तिथेच होते. पाण्यावर. अक्का वाती वळायची थांबली. मी ओरडले नाही, हातपाय मारत काठाला आले, वाळूत पालथी पडले आणि इतकी हसले की नाकातोंडातून पाणी आलं. आनंद म्हणतात तो हाच, आणि तो मला त्या वयात सापडला, या गोष्टीचा मला राग पण आला.

पावसाळ्यात नदी तांबडी झाली, तेव्हा सगळं बंद. पण मला आता बसवत नव्हतं. सावद्याच्या बाजाराला मी गाडीऐवजी पायी जायला लागले. जातं दोन्ही हातांनी आळीपाळीनं ओढायची, दोन्ही खांदे सारखे व्हावेत म्हणून. चुलीपुढून उठताना भिंत लागत नाही हे मला एके दिवशी उठून गेल्यावर कळलं. यांनीही ते पाहिलं होतं, कारण ते म्हणाले, "आता भिंतीचा रंग टिकंन."

दिवाळीत धुळ्याहून विहीणबाई माझ्या लेकीला घेऊन आल्या. दारातच कमरेवर हात ठेवून त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "इहीणबाई, तुम्ही नदीमा पवतस म्हने? बठ्ठा धुळामा गवगवा शे!" मी म्हटलं, बघायला चला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, नाक मुरडत काठावर बसल्या, मग पायांची बोटं पाण्यात घातली, मग घोटे. उन्हं वर आली तरी त्या उठेनात. "पानी कितलं गोड शे वं माय," एवढंच म्हणाल्या. पुढे धुळ्यात काय सांगितलं ते माहीत नाही, पण गवगवा थांबला.

मग थंडीतली ती सकाळ. मी डोहाच्या मध्यापर्यंत गेले होते, तिथवर पहिल्यांदाच. पाण्याच्या पातळीवरून पलीकडचा काठ बांधावरून दिसतो त्याहून फार वेगळा दिसतो, उंच आणि अगदी जवळ. घाटावर कुणीतरी बैल धूत होतं आणि त्यांच्याशी बोलत होतं. पाण्यावरून आवाज सरळ माझ्या कानाशी आला. "सरक नं रे राजा, सरक." माझा भाऊ. लहानपणी तो मलाही असाच सरक म्हणायचा, झोक्यावर जागा हवी असली की.

मी हाक मारली नाही. तिथूनच परत फिरले. पण परत येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. यांनी म्हटलं होतं, त्या गावच्या जमिनीवर पाय पडणार नाही. पाण्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. आणि नदीत जायला मुऱ्हाळी लागत नाही.

काठावर आल्यावर मी अक्काला सांगितलं. येत्या आखाजीला डोह पार करायचा, त्या घाटाला हात लावायचा, आणि पाय न टेकवता परत यायचं. अक्कानं वात वळता वळता विचार केला. "पान्याले कोनी बंदी नई घातली," ती म्हणाली. "पन तुले जमंन का?"

तोच प्रश्न होता. मध्यापर्यंत जाऊन येणं मला कसंबसं जमत होतं. सबंध जाणं आणि येणं म्हणजे त्याच्या दुप्पट. आणि माझ्याजवळ वेळ फार नव्हता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आज गुडघे ऐकत होते, पुढच्या वर्षी ऐकतील याचा काय भरवसा? माघात एकदा मधोमध पोटरीत गोळा आला. पाय दगड झाला आणि मी खाली गेले. वरचा उजेड हिरवा, मग गडद हिरवा. विहिरीवर यांनी मारलेली ती "अवं! ए!" अशी हाक मला तिथे आठवली, आणि मला यांचा फार कळवळा आला. मी मेले असते तर त्यांना जन्मभर वाटलं असतं की मी मुद्दाम मेले. कशी वर आले, उताणी होऊन कशी काठाला लागले, ते मला सांगता येत नाही. अक्का कबूल केल्याप्रमाणे बोंबलत होती. त्यानंतर मी आठवडाभर गेले नाही, आणि मग गेले.

आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला मांडलेली गौराई नदीत पोहोचवायला बायका घाटावर जातात, आणि त्याच वेळी पलीकडच्या गावच्या बायकाही त्यांच्या घाटावर येतात. मग दोन्ही काठांवरून शिव्यांची लढाई होते. ही रीतच आहे, त्यात कुणी राग धरत नाही. आमच्या बायका ओरडत, "तुमचे जावई भाकरीले घाबरतात!" तिकडून उत्तर येई, "तुमच्या केळी वाकड्या, तुमच्या सासवा वाकड्या!" जिचा घसा मोठा तिचा मान मोठा. लग्न होऊन अलीकडच्या काठाला आल्यापासून मी आखाजीला माहेरीच असायची, म्हणून या काठाला शिव्या द्यायची. मागची तीन वर्षं मी आखाजीला याच काठावर होते आणि माझ्या तोंडून कुठल्याच काठासाठी शिवी निघाली नव्हती.

शिव्या रंगात आल्या तेव्हा मी सदरा नीट खोचला आणि पाण्यात उतरले. आमच्या बायकांना वाटलं, मी पुढे जाऊन त्या बायकांवर पाणी उडवणार. त्यांनी जोर केला, "जाय वं म्हशी! भिजव त्यायले!" यांना मी काही सांगितलं नव्हतं. ते वर वडाखाली पुरुषांत बसले होते.

पाणी वरून ऊन, खालून गार होतं. मी म्हशीसारखी गेले, नाक वर, घाई नाही. दोन्ही काठांचा आरडाओरडा चालूच होता, पण माझं लक्ष हळूहळू त्यातून सुटलं. मधे एक जागा अशी आली की तिथे मला त्यातलं काहीच ऐकू येईना. माझ्याच हातांचा आवाज, आणि श्वासाचा. खांदे जड व्हायला लागले तेव्हा मी उताणी झाले. आभाळ इतकं मोठं होतं की मी कुठल्या गावची हे काही क्षण मला आठवेना. मला तिथे राहावंसं वाटलं. मग पोटरी जराशी आवळली आणि मी पटकन पालथी झाले.

पलीकडच्या बायका मला नेम धरून शिव्या देत होत्या. सदरावाली, म्हातारी, बेडूक. मी जवळ गेले तशी एकीनं दुसरीच्या दंडाला धरलं. "अवं, थांब. हे त आपली पोर हाये." मला पोर म्हणणारी ती बाई माझ्याहून लहान असेल, पण माहेरच्या गावात तसंच म्हणतात.

घाटाशी नाव बांधलेली होती. मी तिचा दोर धरला आणि पाय पाण्यातच हलवत राहिले. कुणीतरी धावत भावाला बोलवायला गेलं. वहिनी आधी आली. ती लुगड्यासकट कमरेपर्यंत पाण्यात आली, माझं तोंड पदरानं पुसलं, ते लगेच पुन्हा ओलं झालं, आणि प्रसादाच्या ताटातली सांजोरी माझ्या तोंडात कोंबली. ती रडत होती आणि मला शिव्याही देत होती, आखाजीच्या नव्हे, खऱ्या. एवढी सुरेख सांजोरी मी नंतर खाल्ली नाही.

भाऊ आला. तो किती पांढरा झाला होता! पायरीवर उभा राहून बघत राहिला. "पवाले कधी शिकली वं?"

"तू मुऱ्हाळी धाडला नई तवा."

तो खाली बसला. चपलांसकट पाय पाण्यात गेले हे त्याला कळलं नाही. त्यानं माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग दुसरीकडे बघत म्हणाला, "चाल, घरी चाल. जेवून जाशीन. नाव सांगतो तुले पोचवाले."

चार वर्षं मी हे शब्द ऐकायला कान देऊन बसले होते. ते आता आले, आणि मी दोर सोडला नाही. पायरी हाताच्या अंतरावर होती. यांचं वचन मोडेल ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर माझी धाप अजून बसली नव्हती, दंड थरथरत होते, आणि मला त्या थरथरीतून बाहेर यायचं नव्हतं. मी इथवर आले होते. मला कुणी आणलं नव्हतं. नावेत बसून परत गेले असते तर ते अर्धं राहिलं असतं.

"नाव नको," मी म्हटलं. "आल्या वाटेनं जातो."

"बुडशीन!"

"नई बुडत. तू ये आता. तुझ्या पायाले तं कोनी बंदी नई केली." आणि घाटाच्या पायरीला हात लावून, तो हात कपाळाला लावून मी वळले.

परतीच्या वाटेवर हात पाणी कापत नव्हते, नुसते पडत होते. मधोमध आल्यावर मी पुन्हा उताणी झाले. तेवढ्यात दोन्ही काठांना कंठ फुटला. आमच्या बायका ओरडत होत्या, शत्रूची सांजोरी खाऊन आली, हिला घरात घेऊ नका. तिकडच्या ओरडत होत्या, फितूर, सासरची झाली, न जेवता पळाली. दोन्हीकडून मलाच शिव्या, घसा फोडून, प्रेमानं. मी हसले तर तोंडात पाणी गेलं. मग खोकत, हसत, हात टाकत मी काठाकडे निघाले.

अलीकडच्या पाण्यात कुणीतरी उभं होतं. हे होते. वडाखालून कधी उठून आले कोण जाणे. पाणी त्यांच्या गुडघ्यांच्या वर आलेलं, एका हातानं धोतर धरलेलं, दुसऱ्या हातात माझं कोरडं लुगडं. सगळं गाव बघत होतं. पोहता येत नसल्यानं ते एवढ्या पाण्यात कधी आले नव्हते. मी उभी राहिले तशी त्यांनी लुगडं माझ्या खांद्यावर टाकलं. रागावतील म्हणून मी वाट पाहिली. ते पलीकडच्या घाटाकडे बघत होते. तिथे पायरीवर माझा भाऊ अजून बसलेला दिसत होता.

"तिकडं सगळे बरे हायेत का?" त्यांनी विचारलं.

चार वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. मला बोलायला धाप पुरत नव्हती, तरी म्हटलं, "जाऊन पाहा. चालत जायचं नसंन त पवाले शिकवतो."

हे हसले नाहीत. काठाकडेही वळले नाहीत. धोतर आणखी वर धरून त्यांनी पायाच्या तळव्यानं पुढची वाळू चाचपली, आणि मला विचारलं, "इठून खोल कुठी लागतं?"